तुम्ही विचारलंत: योगवर्गातल्या शिक्षकांबद्दल

या वेळची बरीचशी पत्रं आसनांबद्दल नाहीयेत, शिकवणाऱ्या माणसांबद्दल आहेत. कुणाचं ऐकायचं, कुणाला नाही म्हणायचं, कुणावर कितपत विश्वास टाकायचा. वाचून मला फार बरं वाटलं, कारण 'आमच्याकडे कुणीही या' असं पाटीवर लिहिणं सोपं आहे, पण आत आलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो की नाही हे शिक्षकांवरच ठरतं. म्हणून या महिन्याचं सदर सगळं त्यांच्याबद्दलच.

प्रश्न: ताई, आमच्या योगवर्गात तीन शिक्षक आळीपाळीने येतात. एक मॅडम ताडासनात पाय जुळवून उभं राहायला सांगतात, सर म्हणतात पायांत कमरेएवढं अंतर ठेवा, आणि तिसऱ्या ज्या आहेत त्या म्हणतात तुम्हाला जसं स्थिर वाटेल तसं राहा. त्रिकोणासनातही तीच गत, एक म्हणतात कंबर समोरच ठेवा, सर म्हणतात वळते तेवढी वळू द्या. तिघंही प्रेमाने शिकवतात, पण बरोबर कोण? माझं वय ५४, गुडघे अधूनमधून कुरकुरतात.

उत्तर: तिघंही बरोबर आहेत, आणि हे मी कुणाला वाईट वाटू नये म्हणून सांगत नाहीये. पाय जुळवले की उभं राहायचा पाया अरुंद होतो, मग तोल सांभाळायला घोटे आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला काम करावं लागतं, ते काम हवं असेल तर पाय जुळवायचे. अंतर ठेवलं की पाया रुंद होतो, गुडघे आणि खुबे एका रेषेत येतात, पाठीला आराम पडतो. आणि काहींचे गुडघे मुळातच आत वळलेले असतात, त्यांचे गुडघे एकमेकांना टेकतात पण पाय काही जुळत नाहीत, अशा माणसाला 'पाय जुळवा' म्हणून कितीही सांगितलं तरी काय उपयोग.

त्रिकोणासनाचं जरा नीट सांगते, कारण इथे कमरेला खरंच त्रास होऊ शकतो. पुढचा पाय बाहेर वळवून कंबर मात्र भिंतीला चिकटल्यासारखी समोर धरून ठेवली तर ज्याच्या खुब्याच्या सांध्यात तेवढी फिरायची जागा आहे त्याला काहीच होत नाही. ज्याच्यात नाही त्याचा ताण मग मागे कमरेखाली, माकडहाडाच्या वर जिथे कटीचं हाड मणक्याला जुळतं तिथे जातो. खुब्याच्या खोबणीचा आकार माणसागणिक वेगळा असतो आणि सरावाने हाड काही बदलत नाही. तुम्हाला कमरेखाली एका बाजूला बारीक टोचल्यासारखं होत असेल तर सरांचं ऐका, कंबर वळू द्या.

आता शिक्षकाशिक्षकात हा फरक येतो कुठून? योगगुरू कृष्णमाचार्य (१८८८ ते १९८९) हे नाव तुम्ही ऐकलं असेल. बी. के. एस. अय्यंगार त्यांचे विद्यार्थी, पट्टाभि जोइस त्यांचे विद्यार्थी, इंद्रा देवी त्यांच्या विद्यार्थिनी आणि देशिकाचार तर त्यांचा मुलगा. अय्यंगारांनी बारकाव्यावर भर दिला, पट्टे, ठोकळे, दोर, खुर्च्या आणल्या. जोइसांच्या पद्धतीत श्वासाबरोबर एकामागून एक उड्या मारत ठरलेल्या क्रमाने आसनं येतात. इंद्रा देवींचं शिकवणं सौम्य होतं आणि त्या स्वतः १०२ वर्षं जगल्या. देशिकाचार समोर बसलेल्या एका माणसाचं वय, काम, आजार बघून त्याच्यापुरता सराव बेतायचे. गुरू एक आणि शिकवणं चार तऱ्हांचं! तुमचे तीन शिक्षक तीन ठिकाणी शिकून आलेले असणार, त्यांनी आपापल्या परंपरेचं प्रामाणिकपणे सांगितलं की ते वेगवेगळंच निघणार.

तुम्ही फक्त एक करा, वर्ग संपल्यावर विचारा, 'मॅडम, पाय जुळवायचे ते कशासाठी?' चांगल्या शिक्षकाकडे याचं उत्तर असतं आणि ते तुमच्या गुडघ्यांकडे बघून दिलेलं असतं. 'आमच्यात असंच असतं' एवढंच उत्तर आलं तर त्या दिवशी तुमच्या शरीराचं ऐका. आणि गुडघे कुरकुरतात हे तिघांनाही सांगून ठेवा, एकीला सांगितलं म्हणजे बाकीच्यांना कळलं असं होत नाही. उभ्या आसनात गुडघा मागे ताणून कुलूप लावल्यासारखा घट्ट करू नका, वीरभद्रासनात गुडघा आत ढळू देऊ नका, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेत ठेवा, आणि गुडघ्यावर टेकायचं असेल तेव्हा खाली घडी घातलेलं ब्लँकेट मागून घ्या, मागायला लाजू नका.

प्रश्न: आमच्या मॅडम स्वतः आसन करून दाखवत नाहीत. सुरुवातीला एकदा दाखवतात आणि मग नुसत्या वर्गात फिरत राहतात. मोबाईलवर व्हिडीओत तरी शिक्षक सगळं आपल्याबरोबर करतात. मग वर्गाला येऊन फायदा काय?

उत्तर: अहो, वर्गाला यायचा फायदाच तो आहे! व्हिडीओतला शिक्षक तुम्हाला बघत नाही. जो शिक्षक पूर्ण तासभर स्वतःच्या मॅटवर आसनं करतो त्यालाही तुम्ही दिसत नाही, कारण अधोमुख श्वानासनात त्याचं डोकं खाली आणि नजर स्वतःच्या पायांकडे असते. तुमच्या मॅडम फिरतायत म्हणजे त्या बघतायत. कुणाचा श्वास अडकलाय, कुणाचा जबडा आवळलाय, कुणाचा हात थरथरतोय पण तो माणूस शेजाऱ्याकडे बघून सोडत नाहीये. हे सगळं बघायला माणूस उभा आणि मोकळा लागतो.

मी वर्गात शिकवणाऱ्यांना बघते तेव्हा एक गोष्ट नेहमी तपासते. समजा सगळे भुजंगासनात आहेत आणि चौथ्या ओळीतल्या एका बाईंचे खांदे कानापर्यंत आलेत. एक शिक्षक पुढून माईकवर म्हणतो 'खांदे खाली', त्यावर अख्खा वर्ग दचकून खांदे खाली करतो, ज्यांचे आधीच खाली होते ते सुद्धा. दुसरी शिक्षिका चालत त्या बाईंजवळ जाते, शेजारी खाली बसते, हळू आवाजात म्हणते 'तळवे थोडे पुढे घ्या, कोपर वाकलेलं राहू दे', आणि पुढे जाते. बाईंचे खांदे आपोआप उतरतात. चूक खांद्यात नव्हती ना, हात कुठे टेकवलेत त्यात होती, आणि ते जवळ गेल्याशिवाय दिसतच नाही.

फक्त तुम्ही नवीन असाल आणि एकदा दाखवून डोक्यात राहत नसेल तर तसं सांगा, मॅडम तुमच्याजवळ येऊन पुन्हा दाखवतील. नाहीतर एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या मागे मॅट टाका.

प्रश्न: एक सर आसन सुधारायला हात लावतात. वाईट हेतू नाहीये हे मला कळतं, सगळ्यांनाच तसं करतात, पण मला नको वाटतं. सांगायचं कसं? त्यांना राग येईल, आणि बाकीचे म्हणतील हिचंच काय नाटक.

उत्तर: तुम्हाला नको वाटतं एवढं कारण पुरेसं आहे, पुढे काही जोडायची गरजच नाही. हेतू चांगला आहे की वाईट हा प्रश्न नंतरचा, आधी परवानगी. वर्ग सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं गाठून सांगा, 'सर, मला हात लावून सुधारलेलं चालत नाही, तोंडी सांगाल का?' बस. माफी मागू नका, कारण सांगत बसू नका. चांगला शिक्षक 'हो, नक्की' म्हणेल आणि ते लक्षात ठेवेल. चेहरा पाडला, चेष्टा केली किंवा तरीही हात लावला तर मग वर्ग चालवणाऱ्यांकडे जा, एकटं जायचं नसेल तर मैत्रिणीला घेऊन जा, पण जा.

योगाच्या जगात काही मोठ्या, जगभर शिष्य असलेल्या गुरूंवर विद्यार्थिनींनी उघडपणे आरोप केलेत, आणि त्यानंतर बऱ्याच ठिकाणी पद्धत बदललीय. काही वर्गांत मॅटच्या कोपऱ्यावर ठेवायला छोटं कार्ड देतात, एका बाजूने हो आणि दुसऱ्या बाजूने नाही, आणि ते वर्ग चालू असताना केव्हाही उलटवता येतं. मला ही कल्पना मनापासून आवडते, कारण तोंडाने नाही म्हणणं ज्यांना जड जातं त्यांचीही सोय होते. डोळे मिटून घ्या मग ज्यांना नको ते हात वर करा, असंही काही शिक्षक सुरुवातीला विचारतात. तुमच्या वर्गात असं काही नसेल तर सुचवून बघा, तुमच्यासारख्या अजून चारजणी गप्प बसलेल्या असू शकतात.

शिकवणाऱ्या वाचकांसाठी पण एक सांगते. हात लावून माणसाला आसनात आणखी खोल ढकलणं यात शिक्षणापेक्षा धोका जास्त आहे. पश्चिमोत्तानासनात पाठीवर वजन टाकणं, मागे वाकताना कमरेला ओढणं, हे बंद करा. त्याला किती ताण बसतोय हे फक्त त्यालाच कळतं, तुमच्या तळव्याला नाही.

प्रश्न: वर्गात मी एकटाच पुरुष आहे आणि सगळ्यात आखडलेलाही मीच. हात पायाला लागत नाहीत. जाऊ की सोडू?

उत्तर: जा! पायाला हात लागणं हे योगाचं उद्दिष्ट नाहीये. मांड्यांचे मागचे स्नायू आखडलेले असतील तर गुडघे वाका, हाताखाली ठोकळे घ्या, बसलेल्या आसनात ब्लँकेटची उंच घडी करून तिच्यावर बसा म्हणजे कंबर पुढे झुकायला मोकळी होते. उलट ज्यांचं शरीर खूपच लवचिक असतं ना, त्यांच्याबद्दल शिक्षकाला जास्त काळजी घ्यावी लागते, कारण ते सहज सांध्याच्या टोकाला जाऊन लोंबकळतात आणि दुखणं नंतर उमगतं. आणि एकटा पुरुष म्हणाल तर अजून एखादा दारातून डोकावून तुम्हाला बघूनच आत येईल.

प्रश्न: आमचे योगशिक्षक म्हणाले की रोज प्राणायाम केलात तर बीपीच्या गोळ्या बंद करता येतील, हळूहळू सोडून द्या. घरचे म्हणतात नको. काय करू?

उत्तर: गोळ्या चालू ठेवा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध कमी करायचं की बंद करायचं हे डॉक्टरच ठरवतील, योगशिक्षकाला त्यात बोलायचा अधिकार नाही, मग ते कितीही अनुभवी असोत, कितीही आपुलकीने सांगत असोत. बीपीच्या काही गोळ्या मध्येच सोडल्या तर बीपी एकदम उसळी मारतं. शांत, संथ श्वासाच्या सरावाने फायदा होतो, तो करा, घरी मोजणी लिहून ठेवा, ती वही डॉक्टरांना दाखवा, मग ते काय ते ठरवतील. आणि बीपी जास्त असेल तर कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडून ठेवणं आणि शीर्षासनासारखी उलटी आसनं यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

माझं स्पष्ट मत आहे, शिक्षकाची पारख यातच होते. जो 'हे माझ्या हातातलं नाही, डॉक्टरांना विचारा' असं म्हणतो त्याच्याकडे डोळे मिटून जावं. काचबिंदू असलेल्या माणसाला डोकं खाली जाणारी आसनं, अगदी अधोमुख श्वानासन सुद्धा, डोळ्यातला दाब वाढवतात म्हणून टाळायला सांगणारा. हाडं ठिसूळ झालेल्या आजींना पाठ गोल करून पुढे वाकू न देणारा, कारण त्यात मणका दबून मोडायची भीती असते. गरोदर बाईंना शेवटच्या महिन्यांत शवासन पाठीवर न देता डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये लोड देऊन घ्यायला लावणारा. असे शिक्षक आहेत, आणि ते तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारतात, काही दुखणं, ऑपरेशन, औषध चालू आहे का. तुमच्या सरांनी ते विचारलं होतं का हो?

प्रश्न: २०० तासांचा कोर्स केलेला शिक्षक पुरेसा असतो का?

उत्तर: सुरुवातीला पुरेसा. २०० तास हा योग अलायन्स या १९९९ मध्ये सुरू झालेल्या संस्थेमुळे जगभर रूढ झालेला आकडा आहे, त्यापुढे ५०० तासांचाही टप्पा आहे. २०० तासांत आसनं, थोडं शरीरशास्त्र, थोडं तत्त्वज्ञान आणि थोडा शिकवायचा सराव होतो, कुणी तो चार आठवड्यांत उरकतं आणि कुणी वर्षभर शनिवार रविवार करून करतं, कागद दोघांनाही सारखाच मिळतो. म्हणून कागदाबरोबर आणखी एक विचारा, सध्या ते स्वतः कुणाकडे शिकतायत? ज्याचं शिकणं चालू आहे त्याच्याकडे मी आनंदाने जाईन, मग तो वयाने पंचविशीचा का असेना.

प्रश्न: नमस्कार ताई. मी नुकतीच शिकवायला लागलेय. आमचा वर्ग सगळ्यांसाठी आहे आणि खरंच सगळे येतात! एक काका व्हीलचेअरवर, एका मुलीला ऐकू येत नाही, एक आजोबा आहेत त्यांना खाली बसता येत नाही, आणि त्यांच्याच शेजारी सहज हातावर उभी राहणारी कॉलेजची मुलं. मला भीती वाटते, मी एका वेळी सगळ्यांना कशी पुरी पडणार? घरी येऊन रडले सुद्धा.

उत्तर: अगं, तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. वर्गात एवढी माणसं येतायत याचा अर्थ त्यांना तिथे यावंसं वाटतंय, हे आधी लक्षात घे.

सगळ्यांना पुरं पडायला चार वर्ग एकाच वेळी घ्यायचे नसतात. आसनाच्या नावाऐवजी आसनातल्या कामापासून सुरुवात कर. आज छाती उघडायची आहे, पाठीचा कणा वर लांब करायचाय, एवढं ठरव. मग खुर्चीत बसलेले आजोबा हात मागे खुर्चीच्या पाठीला धरून छाती उघडतील, काका व्हीलचेअरचे ब्रेक लावून तेच करतील, बाकीचे जमिनीवर भुजंगासन करतील आणि ती मुलं धनुरासन. सगळ्यांना सूचना एकच, 'छातीचं हाड पुढे आणि वर'. आणि खुर्चीवाल्यांना कोपऱ्यात, 'तुम्ही तेवढं वेगळं करा' असं नको. त्यांना मधे बसव, आणि एखाद्या दिवशी सूर्यनमस्काराची सुरुवात सगळ्यांनाच खुर्चीवरून करायला लाव. कॉलेजच्या मुलांनाही कळेल की खुर्चीत बसून पाठ ताठ ठेवून हात वर धरून दहा श्वास घेणं म्हणजे काय असतं.

व्हीलचेअरवरच्या काकांना खुर्चीतून हलवायचं की नाही ते काकाच सांगतील. त्यांची खुर्ची हा त्यांच्या शरीराचाच भाग समज, विचारल्याशिवाय तिला हात लावू नको आणि सरकवू तर मुळीच नको.

ऐकू न येणाऱ्या मुलीसाठी तू कुठे उभी राहतेस ते फार महत्त्वाचं. तुझ्या तोंडावर उजेड हवा, खिडकी तुझ्या पाठीमागे असेल तर तिला तुझे ओठ दिसतच नाहीत. तिची मॅट पुढे पण थोडी कडेला ठेव म्हणजे तिला तूही दिसशील आणि बाकीचेही. ती डोकं खाली घालून असताना नवी सूचना देऊ नको. शवासनातून उठवायचं कसं हे तिच्याशी आधीच ठरवून घे, मॅटच्या कडेला हलकी थाप मार किंवा दिवा लाव, तिला जे आवडेल ते. नाहीतर बिचारी सगळे उठले का म्हणून डोळे किलकिले करून बघत राहते आणि तिला विश्रांती मिळतच नाही.

अजून एक छोटीशी वाटणारी गोष्ट सांगते, पण वर्गात तिचा फार उपयोग होतो. आसनाचा सोपा प्रकार आधी शिकव. आपण नेहमी पूर्ण आसन सांगतो आणि मग 'ज्यांना जमत नाही त्यांनी भिंत धरा' म्हणतो, मग भिंतीकडे जायला कुणी तयार होत नाही, अभिमान आडवा येतो. त्याऐवजी वृक्षासन घेताना सगळ्यांना टाच घोट्याला आणि बोटं जमिनीवर अशीच सुरुवात करायला सांग, आणि मग 'इथे स्थिर वाटलं तर पाय वर न्या, नाहीतर इथेच राहा' म्हण. गुडघ्याच्या बाजूला मात्र पाऊल टेकवू नका हे सगळ्यांनाच सांग, वर मांडीला किंवा खाली पोटरीला. ठोकळे, पट्टे, ब्लँकेट पण वर्ग सुरू व्हायच्या आधीच प्रत्येक मॅटजवळ ठेवून दे, त्या हातावर उभ्या राहणाऱ्यांच्या सुद्धा. मागायला लागलं नाही की लाजही वाटत नाही. अय्यंगार (१९१८ ते २०१४) स्वतः लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय सगळ्यातून गेलेले, अगदी अशक्त मुलगा, आणि आज तू जे ठोकळे वापरतेस ते वर्गात रुळले त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आधार घेऊन केलेलं आसन हे पूर्ण आसनच असतं.

आणि रडू आलं त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नको, पण एकटी राहू नको. दुसऱ्या शिक्षिकेला विचार, तुझ्या वर्गाला मागे येऊन बसशील का, आणि तूही तिच्या वर्गाला जा. सलग वर्ग घेऊ नको, घसा आणि डोकं दोन्ही शिणतं. बदली शिक्षक आले की त्यांना तोंडी चार ओळी सांग, कुणाला काय जमत नाही आणि कुणाला हात लावलेला चालत नाही, मात्र हे सांगू का म्हणून त्या त्या माणसाला आधी विचार. नावं पाठ कर. पहिल्या आठवड्यात नाही जमली तरी विचारत राहा, लोकांना राग येत नाही.

प्रश्न: मला वर्ग संपायच्या आधी निघावं लागतं, मुलीला शाळेतून आणायचं असतं. शवासन चुकतं. मधेच उठून गेलेलं मॅडमना आवडत नाही असं वाटतं.

उत्तर: मॅडमना आधी सांगितलंत तर अजिबात वाईट वाटणार नाही. सगळे शेवटच्या बसलेल्या आसनांकडे वळतील तेव्हा तुम्ही थांबा, तिथेच तीन चार मिनिटं आडव्या व्हा, कुशीवर वळून उठा आणि निघा. शवासन सुरू झाल्यावर मधून उठलात तर मात्र बाकीच्यांची विश्रांती मोडते, तेवढं टाळा. मॅट दाराजवळ टाका, चपला हाताशी ठेवा. रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं शवासन करा, गुडघ्यांखाली उशी घेऊन, आणि मुलगी येऊन शेजारी आडवी झाली तर होऊ द्या.